गाडी रात्री कुठे झोपते

दोहाहून निघालेलं विमान साधारण चार तासांत नागपूरला उतरतं. शारजाहून येणाऱ्या विमानालाही फार वेगळा वेळ लागत नाही. दोन्ही बहुधा रात्री उशिरा किंवा पहाटे येतात. दुबईची सहल करून किंवा आखातात वर्षभर राबून दिवाळीला घरी निघालेला सिरोंचाचा माणूस अरबी समुद्र आणि अर्धा देश ओलांडून नागपुरात पाय ठेवतो, तेव्हा नकाशाच्या हिशेबाने त्याचा प्रवास संपत आलेला असतो. घड्याळाच्या हिशेबाने तो जेमतेम सुरू झालेला असतो. नागपूर ते गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, तिथून आष्टी, आलापल्ली करत सिरोंचा आणखी दोनशेच्या वर. विमानाला लागले त्याच्या दुपटीहून जास्त तास एसटीला लागतात. भामरागडच्या माणसाचं अंतर थोडं कमी, पण आलापल्लीला उतरून पुढची गाडी मिळेल की नाही याची धाकधूक जास्त. आणि भामरागडच्याही पलीकडे ज्याचं गाव आहे त्याला अखेरच्या पंधरा-वीस किलोमीटरांसाठी एक अख्खी रात्र मोजावी लागू शकते. तिकिटावर या रात्रीचा उल्लेख नसतो. एसटीचं भाडं सहा-सहा किलोमीटरच्या टप्प्यांनी आकारलं जातं, आणि वाट पाहण्याचा टप्पा कोणत्याच दरपत्रकात नाही.

विमानाने येणारे इथे मोजकेच, हे उघड आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतला खरा परतीचा प्रवासी वेगळा आहे. जानेवारी-फेब्रुवारीत मिरची तोडायला तेलंगणात जाणारी आणि उन्हाळ्यात परतणारी कुटुंबं, हैदराबादला बांधकामावर असलेली पोरं, नागपूर-पुण्याला शिकायला गेलेली मुलं-मुली, बाळंतपणाला माहेरी येणाऱ्या लेकी, आणि दर आठवड्याला कोर्ट, तहसील, दवाखाना, बँक यांपैकी कशासाठी तरी तालुक्याला जाऊन त्याच दिवशी परत यायचं असलेली हजारो माणसं. दूरदेशाहून येणारा आणि तालुक्याहून येणारा यांची अडचण एकाच ठिकाणी येऊन थांबते, ती म्हणजे शेवटची गाडी. माझं म्हणणं एवढंच आहे की चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात दळणवळणाची आखणी नेहमी इथून काय बाहेर न्यायचं आहे या प्रश्नाभोवती झाली. घरी कोण यायचं आहे, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. या परंपरेला एकच ठळक अपवाद आहे आणि तो म्हणजे गावात रात्र काढणारी मुक्कामी बस. ती टिकवायची की मोडायची याचा निर्णय मात्र आजही तिच्या प्रति किलोमीटर उत्पन्नावरून होतो.

बाहेर नेण्याची ही परंपरा जुनी आहे. 1860 नंतर इंग्रजांनी ‘अपर गोदावरी’ नावाचा जिल्हा केला आणि त्याचं मुख्यालय ठेवलं सिरोंचाला. आज राज्याच्या अगदी टोकाला वाटणारं हे गाव तेव्हा एका मोठ्या मनसुब्याच्या मध्यावर होतं. इंग्रज अभियंते आर्थर कॉटन यांच्या डोक्यातून निघालेली आणि हेग या इंजिनिअर अधिकाऱ्याने राबवलेली योजना अशी होती की गोदावरी, प्राणहिता, वर्धा या नद्यांमधले खडकाळ अडथळे कालवे काढून टाळायचे आणि वऱ्हाड-नागपूरचा कापूस बोटींनी थेट पूर्व किनाऱ्याला उतरवायचा. दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि अहेरीजवळ देवलमरी असे तीन मोठे अडथळे. कामाला बरीच वर्षं गेली आणि पैसाही गेला. पण 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. मुंबईला जायला रूळ असताना कापूस राजमहेंद्रीला नदीने कोण नेणार? 1871 मध्ये योजना गुंडाळली आणि तीन वर्षांनी जिल्हाही मोडला. सिरोंचा चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, जोडलं गेलं. या साऱ्या खटाटोपात नदीकाठच्या माणसाला नदी ओलांडायला एक धड पूल मिळाला नाही. तो त्यानंतर जवळपास दीडशे वर्षं डोंग्यातूनच पलीकडे जात राहिला.

पुढची उदाहरणं त्याच जातीची. 1870 च्या दशकात वर्ध्याहून वरोऱ्याकडे रूळ आले ते कोळशासाठी. बल्लारपूरला 1945 मध्ये कागद गिरणी उभी राहिली आणि तिच्यासाठी जंगलात बांबूच्या वाहतुकीच्या वाटा पडल्या. आलापल्लीचं सागवान तर प्रसिद्धच. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023 च्या मार्चमध्ये बल्लारपूरहून वाजतगाजत लाकूड गेलं. आता एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडचं लोहखनिज जातं, आणि त्या रस्त्यावर ट्रकांच्या रांगेत अडकलेली लाल बस हे रोजचं दृश्य झालं आहे. गडचिरोली जिल्हा 14,412 चौरस किलोमीटरचा. उत्तरेच्या कोरचीपासून दक्षिणेच्या सिरोंचापर्यंत रस्त्याने तीनशे किलोमीटरच्या घरात अंतर, आणि एवढ्या जिल्ह्यात आजवर चालू असलेलं रेल्वे स्थानक एकच, देसाईगंज, म्हणजे वडसा. तेही गोंदिया-बल्लारशा मार्ग जिल्ह्याच्या कोपऱ्याला स्पर्श करून जातो म्हणून. उद्योग नकोत किंवा खाणी म्हणजे पाप, असं सुचवण्याचा हेतू नाही. वाट कोणासाठी पडली यावरून तिच्यावर काय, कधी आणि कुठल्या दिशेने धावणार हे ठरतं, एवढंच दाखवायचं आहे.

दिशेचा मुद्दा एसटीच्या वेळापत्रकात सगळ्यात स्वच्छ दिसतो, म्हणून तो जरा उलगडून पाहू. समजा आगार अहेरीला आहे आणि गाव पन्नास किलोमीटर आत. गाडी सकाळी आगारातून सुटली तर गावात पोचेपर्यंत नऊ-साडेनऊ वाजतात. तिथून लगेच परत फिरली तर गावकऱ्याला ती अकरापर्यंत अहेरीला आणते. त्याचं काम तीन वाजता आटोपतं. आता त्याला परत न्यायला दुसरी फेरी हवी आणि ती रिकामी परत येणार, कारण संध्याकाळी गावातून अहेरीला कोण जातं? म्हणजे एका माणसाच्या जाण्या-येण्यासाठी गाडीला दोनदा पूर्ण फेरी मारावी लागते आणि त्यातल्या दोन बाजू ओस. आता हेच उलटं करा. गाडी संध्याकाळी पाचला अहेरीहून भरून निघाली, सातला गावात पोचली, चालक-वाहक तिथेच झोपले आणि सकाळी सहाला पुन्हा भरून निघाली. एका फेरीत दोन्ही बाजू भरलेल्या. शाळेच्या पोरांना वेळेत पोचता येतं, दवाखान्याची ओपीडी गाठता येते, बाजारहाट करून संध्याकाळी त्याच गाडीने परत येता येतं. ही मुक्कामी गाडी. कामगार तिला हॉल्टिंग म्हणतात. एक साधी, जवळजवळ हुशारीची युक्ती आहे ही. गाडी रात्री कुठे झोपते यावर सकाळचं पहिलं आसन कुणाचं हे ठरतं. शहरात झोपणारी गाडी शहरातल्या माणसाला जंगल दाखवून आणते आणि गावात झोपणारी गाडी गावातल्या माणसाला जग दाखवून घरी आणते. ताडोब्याला सफारीसाठी येणाऱ्याला पहिली सोय पुरते. मोहर्ली किंवा कोलाऱ्याच्या आसपास राहणाऱ्याला दुसरी लागते.

मुक्कामी गाडी नसेल तर उरतो तो फाटा. महाराष्ट्रात इतरत्र फाटा म्हणजे चहाची टपरी, दोन हॉटेलं आणि रिक्षा. इथे फाटा म्हणजे दोन्ही बाजूंना जंगल आणि आत तीन-चार किलोमीटरची पायवाट. गाडी रात्री आठला फाट्यावर सोडून पुढे जाते. आपल्या दृष्टीने तिने प्रवाशाला पोचवलेलं असतं. पण चंद्रपूर हा देशातल्या सर्वाधिक वाघांच्या जिल्ह्यांपैकी एक, आणि इथले वाघ ताडोब्याची हद्द पाळत नाहीत. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड, सावली, मूल या तालुक्यांत शेती, जंगल आणि गाव एकमेकांत मिसळलेले आहेत. 2025 च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूची पानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या, तेही दिवसाउजेडी. गडचिरोलीच्या उत्तरेला ऑक्टोबर 2021 पासून छत्तीसगडमार्गे आलेल्या रानटी हत्तींचा कळप फिरतो आहे. हत्ती धान खातात, घरं पाडतात आणि रस्त्यावर उभे राहिले की रस्ता बंद. अशा मुलखात फाट्यावर उतरलेला माणूस आपल्या गावी पोचला असं आगाराच्या कागदावर लिहिता येईल. घरच्यांना तो दारात दिसेपर्यंत तसं म्हणता येत नाही. बिबट्या-वाघांच्या घटना वाढल्या की वनखातं संध्याकाळनंतर एकट्याने फिरू नका अशी सूचना काढतं. सूचना रास्तच आहे, फक्त ती बसच्या वेळापत्रकाशी कोणी जुळवून पाहत नाही.

पावसाळ्याचं गणित आणखी वेगळं. भामरागड हे इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्यांच्या संगमावर वसलेलं. पर्लकोटेच्या ठेंगण्या पुलावरून पाणी गेलं की तालुक्याचं गाव जिल्ह्यापासून तुटतं. 2019 च्या पावसाळ्यात हे अनेकदा झालं. तिथून जवळच हेमलकसाला बाबा आमटे यांनी 23 डिसेंबर 1973 रोजी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा वर्षाचे काही महिने या भागाचा बाहेरच्या जगाशी संबंधच राहत नसे. आज मोठे पूल बांधले जात आहेत, पण आतल्या नाल्यांवरचे रपटे अजून तेच आहेत.

दिवाळी अंकात लिहितो आहे, तर दिवाळीचंही सांगायला हवं. वैनगंगेच्या दोन्ही काठांवरच्या झाडीपट्टीत दिवाळीची खरी रंगत भाऊबीजेनंतर येते. गावोगावच्या मंडया भरतात, लेकी-जावई, सोयरेधायरे पाहुणे म्हणून येतात आणि रात्री नाटक उभं राहतं. वडसा ही या नाटकधंद्याची राजधानी. हंगाम मग होळीपर्यंत चालतो. बाहेरचे लोक नेहमी विचारतात की झाडीपट्टीतलं नाटक रात्री दहाला सुरू होऊन पहाटेपर्यंत का चालतं. दंडार, खडीगंमत यांच्या रात्रभर चालणाऱ्या परंपरेशी त्याचं नातं आहेच. पण मला त्यात वाहतुकीचाही हात दिसतो. दहा-पंधरा गावांहून माणसं बैलबंडीने, सायकलने, पायी आलेली. नाटक मध्यरात्री संपवलं तर ती जंगलातून कुठे जाणार? उजाडेपर्यंत त्यांना मंडपात बसवून ठेवायचं, हे नाटककाराचं काम होतं. अंक, प्रवेश, लावणी आणि विनोदी पात्रांची लांबी अंधाराच्या लांबीशी बेताने जुळत गेली असावी. हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण ज्या मुलखात शेवटच्या गाडीने कलेलाही आकार दिला असण्याची शक्यता आहे, तिथे ती गाडी किरकोळ म्हणता येत नाही.

आता परमुलखाकडे वळू. सिरोंचापासून हैदराबाद हे नागपूरपेक्षा जवळ आहे. मुंबईचं तर नावच नको. प्राणहिता आणि गोदावरी यांवर गेल्या दशकात पूल झाले, पलीकडचा कालेश्वरम, चेन्नूर, मंचेरियाल हा भाग तासा-दीड तासाच्या टप्प्यात आला. अहेरीच्या माणसालाही वांगेपल्लीच्या पुलावरून पलीकडे जाता येतं, राजुऱ्याहून लक्कडकोट ओलांडलं की आसिफाबादचा रस्ता. हे पूल झाल्याने जाणं सोपं झालं. येण्याचं काय? महाराष्ट्रात 17 मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. तेलंगणात 9 डिसेंबर 2023 पासून तिथल्या रहिवासी बायकांना साध्या बसचा प्रवास फुकट आहे. मिरची तोडून परतणाऱ्या गडचिरोलीच्या बाईला मात्र पलीकडे पूर्ण तिकीट पडतं, कारण तिचं आधार कार्ड महाराष्ट्राचं. आपल्याकडची अर्धी सवलत राज्याच्या सीमेपर्यंतच. दोन राज्यं बायकांच्या प्रवासाला एवढी उदार असताना, सर्वात लांब आणि सर्वात कष्टाचा प्रवास करणारी बाई दोन्ही उदारतांच्या फटीतून खाली पडते. म्हणून ही कुटुंबं कधी मुकादमाच्या टेम्पोने येतात, कधी मालाच्या गाडीत मिरचीच्या पोत्यांवर बसून. अपघात झाला की मग बातमी होते.

या परतीच्या वाटेची लांबी सगळ्या देशाला दिसली ती 2020 मध्ये. मार्चच्या अखेरीस टाळेबंदी लागली तेव्हा मिरचीचा हंगाम भरात होता. गाड्या बंद, सीमा बंद. चंद्रपूर-गडचिरोलीचे, छत्तीसगडचे मजूर जंगलवाटांनी, नदीपात्रातून पायी निघाले. मुलुगू जिल्ह्यातून निघालेली छत्तीसगडच्या बीजापूर जिल्ह्यातली बारा वर्षांची एक मजूर मुलगी तीन दिवस चालून घर जवळ आलं असताना वाटेत मेली. पुढे मे महिन्यात एसटीने परराज्यांतल्या मजुरांना फुकट राज्याच्या सीमेपर्यंत नेऊन सोडलं आणि या कामाचं कौतुक झालं, ते योग्यच होतं. तरी बारकाईने पाहिलं तर तेव्हाही एसटीचं टोक सीमा हेच होतं. सीमा म्हणजे एक मोठा फाटाच. त्यानंतर वर्ष-दीड वर्षात, 2021 च्या दिवाळीच्या तोंडावर, एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि एप्रिल 2022 पर्यंत चालला. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांबद्दल मतभेद असू शकतात. पण त्या पाच-सहा महिन्यांत शहरांना एसटीची पर्यायी व्यवस्था सापडली, खासगी बस, रेल्वे, ओला. एटापल्ली-धानोऱ्याच्या आतल्या गावांना पर्याय होता तो पायांचा.

यावर पहिला आक्षेप पैशांचा, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. एसटी महामंडळाचा संचित तोटा दहा हजार कोटींच्या पुढे गेला आहे. 25 जानेवारी 2025 पासून भाडं 14.95 टक्क्यांनी वाढवूनही तिजोरीची ओढाताण संपलेली नाही. अशा वेळी दहा-बारा माणसं घेऊन जंगलात झोपायला जाणारी गाडी चालवायची कशाला, असं आगार व्यवस्थापकाने विचारलं तर त्याला दोष देता येणार नाही. भारमान आणि प्रति किलोमीटर उत्पन्न हीच त्याची प्रगतिपुस्तिका आहे. दोष त्या पुस्तिकेत आहे. ती किलोमीटर मोजते, माणसाचा वाचलेला किंवा गेलेला दिवस मोजत नाही. तालुक्याला गेलेल्या मजुराला परतीची गाडी नसली तर त्याची दुसऱ्या दिवशीची मजुरी बुडते, वर रात्री राहण्या-खाण्याचा खर्च. दहा माणसांच्या बुडालेल्या मजुरीची बेरीज त्या फेरीच्या तोट्याशी ताडून पाहा, मग तोटा कुणाचा कुठे गेला ते कळेल. तो महामंडळाच्या वहीतून पुसला जातो आणि माडिया-गोंड कुटुंबाच्या घरात जमा होतो.

शिवाय फेरीचं मोल तिकिटाबाहेर मोजायचं तत्त्व सरकारने कधीच मान्य केलेलं आहे. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस मागास तालुक्यांत मुलींना शाळेत ने-आण करतात, आणि त्यांचा खर्च सरकार उचलतं, कारण शाळा सोडलेल्या मुलीची किंमत तिकिटापेक्षा मोठी हे आपण स्वीकारलं. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट 2022 पासून प्रवास फुकट आहे, त्याचीही भरपाई सरकार करतं. मग मुक्कामी फेऱ्यांसाठी असाच वेगळा हिशेब का नसावा? सवलतीच्या योजनांचा एक कच्चा दुवा असा की त्या तिकिटावर आहेत, गाडीवर नाहीत. जिथे गाडीच जात नाही तिथे अर्धं तिकीट म्हणजे शून्याचं अर्धं. सवलतीचा बहुतांश पैसा साहजिकच जिथे फेऱ्या दाट आहेत तिथे, म्हणजे तुलनेने सधन पट्ट्यात खर्च होतो. चौरस किलोमीटरमागे जेमतेम 74 माणसांची वस्ती असलेल्या गडचिरोलीला (2011 ची जनगणना) त्यातून काय मिळत असेल याचा अंदाज करायला गणितज्ञ लागत नाही.

दुसरा आक्षेप मोटारसायकलचा. आता गावोगाव दुचाकी आहेत, काळीपिवळी आहेत, मॅजिक आहेत. एसटीची गरज काय? दुचाकीने या भागात क्रांती केली हे खरंच आहे. पण दुचाकी तरण्या पुरुषाची. सत्तर वर्षांच्या आजीला, पोटुशी बाईला, दहावीतल्या मुलीला ती कुणाच्या तरी मागे बसूनच वापरता येते, म्हणजे कुणाची तरी सवड आणि मर्जी सांभाळून. काळीपिवळीवाला गाडी भरल्याशिवाय हलत नाही आणि अंधार पडल्यावर आत यायला तयार नसतो. त्याचंही पोट आहे, वाघ त्यालाही दिसतो. एसटीच्या वेळेत उशीर होतो, पण ती वेळ असते. वेळ ठरलेली असणं हीच गरिबाची सोय, त्याच्या भरवशावर बाई एकटी प्रवासाला निघू शकते.

तिसरा आक्षेप चालक-वाहकांच्या बाजूने येतो आणि मला तो सगळ्यात वजनदार वाटतो. मुक्कामाच्या गावी त्यांना झोपायला जागा नसते, कधी गाडीत, कधी शाळेच्या व्हरांड्यात. पाणी, संडास यांची मारामार. राज्यात हिवतापाचे सर्वाधिक रुग्ण जिथे आढळतात त्यात गडचिरोली कायम वरच्या बाजूला, आणि रात्र तिथे मच्छरदाणीशिवाय काढायची. माओवाद्यांच्या बंदच्या हाका, जुलै-ऑगस्टचा आणि डिसेंबरचा त्यांचा सप्ताह, या काळात तर आतल्या फेऱ्या बंदच राहत आल्या. कर्मचाऱ्यांनी हॉल्टिंगला कुरकुर केली तर ती आळशीपणाची म्हणणं अन्याय होईल. उपाय मात्र महाग नाही. ग्रामपंचायतीने एक खोली, दोन खाटा, मच्छरदाण्या, पाणी द्यावं. ज्या गावाला गाडी हवी आहे त्याला एवढं करणं जड नाही, आणि पेसा कायद्याखालच्या गावांच्या ग्रामसभांकडे तेंदू-बांबूतून येणारा पैसाही काही ठिकाणी आहे. पाहुण्याला अंगणात खाट टाकून देणाऱ्या मुलखात बसच्या दोन माणसांची सोय होऊ नये हे पटत नाही. ती झाली नाही, कारण तिची जबाबदारी कुणाची हे कुठेच लिहिलेलं नाही.

चौथा आक्षेप उलट दिशेचा आहे. तो म्हणतो, रस्ते आता होतातच आहेत, बस आपोआप येईल. 1 जानेवारी 2025 रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या उपस्थितीत एटापल्ली तालुक्यातल्या गर्देवाड्याला अहेरीहून पहिली एसटी गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये धानोरा तालुक्यातल्या कटेझरीला आणि जुलैमध्ये भामरागड तालुक्यातल्या मर्कनारला बस पोचली. पुणे-अहमदनगर ही राज्याची पहिली बस 1 जून 1948 ची. म्हणजे ‘गाव तिथे एसटी’ या घोषणेला गर्देवाड्यापर्यंत पोचायला साडेशहात्तर वर्षं लागली. ढोल वाजले, तिरंगा घेऊन गावकरी नाचले. पोलीस संरक्षणात रस्ते आणि पूल झाल्याशिवाय हे शक्य नव्हतं आणि ते श्रेय नाकारण्याचं कारण नाही. पण ‘आपोआप’ या शब्दाला हरकत आहे. चंद्रपूर जिल्ह्यात कितीतरी डांबरी रस्ते आहेत ज्यांच्यावरून दिवसातून एकच गाडी जाते आणि तीही दुपारी, जेव्हा कुणालाच कुठे जायचं नसतं. नागभीड-नागपूर ही नॅरोगेज गाडी संथ होती, जुनी होती, पण खेड्यांना नागपूर दाखवून परत आणत होती. नोव्हेंबर 2019 मध्ये ती ब्रॉडगेजसाठी बंद झाली आणि मधल्या वर्षांत त्या गावांना रूळ रुंद होत असल्याचं समाधान तेवढं मिळालं. पहिल्या बसचा फोटो निघतो, सत्कार होतो. शंभराव्या दिवशी ती येते का, आणि आली तर संध्याकाळी येते की दुपारी, हे तपासायला कुणी जात नाही.

वडसा ते गडचिरोली हा सुमारे 52 किलोमीटरचा रेल्वेमार्ग बऱ्याच वर्षांपासून होतो आहे, आणि कधीतरी होईल. त्या दिवशी गडचिरोलीच्या नव्या स्थानकावर हारतुरे असतील, भाषणं असतील. नागपूरहून, पुण्याहून, कदाचित दोहाहून निघालेला एखादा भामरागडचा माणूस बॅग खांद्यावर टाकून त्या गर्दीतून बाहेर पडेल. तोवर आलापल्लीची शेवटची गाडी सुटली असेल की रेल्वे येईपर्यंत थांबली असेल, हे वडशाच्या रुळावर ठरणार नाही. ते एसटीच्या विभागीय कार्यालयात आधीच कुणीतरी वेळापत्रकाच्या तक्त्यात एक ओळ इकडे-तिकडे सरकवून ठरवलेलं असेल.